चौथ्या गाण्यात प्रोकोप का नाही

होर्लेत्स, ६ ऑक्टोबर १७९४

आत्या,

आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की मधवालीचं ते संगीत नाटक बाबांनी आमच्या ताफ्यासाठी बसवलं आणि मी फक्त त्याची स्वच्छ नक्कल केली. हे खरं नाही. गाणाऱ्यांशिवाय, नुसत्या फुंकवाद्यांवर वाजेल असं ते बसवलं मी. बाबांनी ओबोवर काही जागा वाजवून पाहिल्या आणि एका ठिकाणी विचारलं, "इथे श्वास कुठे घेऊ, शेजारच्या गावात जाऊन?" ती जागा मी बदलली. बाकी पहिल्या अंकातल्या सगळ्या गाण्यांची बांधणी माझी आहे. घरात 'बाबांचं काम' असंच म्हणायची सवय झाली होती, तेच तुलाही लिहून गेले.

आता हे सांगायचं कारण. काल रविवारी सरकारांच्या पंगतीला पाहुणे होते. वाढपाच्या खोलीच्या दाराआड मी नेहमीसारखी उभी होते, कागद पोचवायला. आठही जण वर्दी घालून भिंतीशी होते: दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न, आणि दोन बसून, ती लांब, खर्जाची फुंकवाद्यं. सरकार संगीतासाठी कधी चावायचं थांबत नाहीत हे तुला माहीत आहे. काल तिसऱ्या गाण्याला त्यांनी काटा खाली ठेवला. गाणं संपल्यावर विचारलं, "हे कोणी बसवलं?"

श्टाउडाखर साहेब पुढे झाले आणि वाकून म्हणाले, "आपल्याच सेवकानं, सरकार."

सरकारांनी स्वतःच्या सुरईतली वाईन त्यांना पाठवली. आठ माणसं आपापल्या बुटांकडे बघत उभी राहिली. बाबाही.

आत्या, ते संगीतप्रमुख आहेत, व्हायोलिन फार चांगलं वाजवतात, हे मी नाकारत नाही. पण फुंकणाऱ्या माणसाला श्वास लागतो हेसुद्धा ते कधी लक्षात ठेवत नाहीत. मी ते नाटक आठ वाद्यांसाठी नाही, या आठ माणसांसाठी लिहिलं होतं. बाबांचे वरचे पुढचे दोन दात ईस्टरआधीच्या उपासांत गेले. ते तिथे मेण बसवून वाजवतात आणि उंच स्वर फार वेळ धरू शकत नाहीत. म्हणून उंच जागा मी पहिल्या क्लॅरिनेटला दिल्या, आणि लांब गाण्यांत बाबांना मधे मधे ओठ मिटायला वेळ ठेवला. दुसरा क्लॅरिनेटवाला प्रोकोप हा जेवणघरातला नोकरही आहे. चौथ्या गाण्याच्या वेळी भाजलेला हंस आत आणायचं काम त्याचं, म्हणून ते गाणं मी सात जणांचं केलं.

दातांचं सरकारांना माहीत नाही. कळलं त्या दिवशी बाबांची वर्दी उतरेल आणि मद्यभट्टीवरची आमची खोलीही जाईल. म्हणून मी हे सगळं केलं. नाटकं बसवणारा माणूस म्हणून बाबांचं नाव झालं असतं, तर ओबो सुटल्यावरही सरकारांनी त्यांना ठेवलं असतं. मला माझं नाव नको होतं. बाबांचं हवं होतं.

'चोरलं' हा शब्द मी लिहिला आणि खोडला, कारण श्टाउडाखर साहेबांना ताफ्याच्या कपाटातून कागद घेताना मी पाहिलेलं नाही. पण दुसरा शब्द सापडत नाही. आपण काय करावं ते कळव.

तुझी
अपोलेना


व्हिएन्ना, १७ ऑक्टोबर

अपोलेना,

तू बसवलंस हे सांगायला तुला एवढा कागद लागला? मला तर ते आधीपासूनच माहीत होतं. तुझ्या बापानं एकदा एक कूचगीत लिहिलं होतं. ते वाजवल्यावर दोन्ही हॉर्नवाले महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत, आणि त्यातला एक माझा नवरा होता. शिमोन वाजवतो देवासारखं आणि लिहितो कोतवालासारखं. आईनं आम्हा दोघांना एकाच टेबलावर शिकवलं, पण अक्कल तुझ्या वाट्याला आली.

आता तुझ्या रागात आणखी लाकडं घालते. ते नाटक मी ऐकलंय. इथे, सप्टेंबरात, चर्चमागच्या बागेत, दुसऱ्याच एका सरदाराच्या ताफ्यानं वाजवलं. वर नाव श्टाउडाखरचं. त्याच्या नकला इथल्या दुकानात विकायला आहेत. ती मंडळी माझ्याच खाणावळीत जेवतात, त्यामुळे मला सगळं ऐकायला मिळतं. त्यांचा दुसरा क्लॅरिनेटवाला लेओपोल्ड सूप पिता पिता करवादला, "डोरोताबाई, चौथ्या गाण्यात मला एक स्वर नाही. अख्खं गाणं मी हात बांधून बसतो. लोकांना वाटतं मला डुलकी लागली."

ओबोवाला म्हणाला, "अरे, ती मधवाली त्या गाण्यात एकटी पडते ना. तुझं गप्प बसणं म्हणजे तिचं दुःख."

"मग तू बस की तिच्या दुःखात. मी तुझा ओबो वाजवतो."

यावरून बसूनवाल्यानं जाहीर केलं की ही नवी पद्धत आहे आणि पुढच्या वर्षी सगळे असंच लिहितील. मी म्हटलं, आधी सूप संपवा. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं. आज तुझं पत्र वाचून मी एवढी हसले की डाळ लागली, आणि मग एवढी चिडले की ती तशीच वाढली.

आता उपाय ऐक. तो माणूस तुमच्याकडे दुसरा अंक मागणार, कारण त्याला स्वतःला येत नाही. दे. पण हॉर्नच्या कागदावर असे स्वर घाल जे हॉर्नला नसतातच. व्हायोलिनवाल्याला सगळे स्वर सारखेच दिसतात. त्याला काही कळणार नाही. मग भर पंगतीत हॉर्न गाढवासारखे ओरडू देत आणि सरकारांना पुन्हा विचारू दे, हे कोणी बसवलं.

शिमोनला मात्र फार टोचू नकोस. का ते विचारू नकोस.

तुझी आत्या
डोरोता


होर्लेत्स, २९ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र मी प्रोकोपला वाचून दाखवलं. तो आधी हसला. मग म्हणाला, "म्हणजे तिथला माणूस गप्प बसतो, कारण इथे मी हंस उचलतो?" आणि हसणं सोडून ताटं पुसायला लागला. मलाही हसू आलं नाही. एका बाजूला श्टाउडाखर साहेबांनी आपलं नाव घातलं, आणि दुसऱ्या बाजूला ते गाणं सातांचं का आहे हे एकदाही विचारलं नाही. ज्याचं काम घ्यायचं, ते निदान वाचावं तरी. व्हिएन्नात जाणती माणसं एका भाजलेल्या हंसावर दुःखाचे अर्थ लावत बसली आहेत.

तुझा उपाय मी करणार नाही. तू रागावशील, पण ऐक. मागच्या हिवाळ्यात दुसऱ्या हॉर्नचा स्वर फुटला. चूक नक्कल करणाऱ्याची होती, हॉर्नला नसलेला स्वर कागदावर लिहिला होता. मातेय बिचारा तो काढायला गेला. कारभाऱ्यांनी त्याला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली आणि दोन दिवस घोड्यांच्या तबेल्यात कामाला लावलं. कागद कोणी तपासला नाही. पंगतीतल्या लोकांना कागद दिसत नाही, माणूस दिसतो. मी खोटे स्वर लिहिले तर श्टाउडाखर साहेब मागे सरकून कपाळाला हात लावतील आणि मार पुन्हा मातेयच खाईल. त्याला लहान मुलं आहेत. त्याचा ओठ अजून नीट भरलेला नाही.

दुसरा अंक त्यांनी मागितलाच. परवा तालमीनंतर बाबांना म्हणाले, "कोटाल, पहिला अंक तुमच्या घरातून आला तसा दुसराही येऊ द्या. संत कातर्झिनेच्या सणाला सरकारांना हवा आहे." दाराआडून मी हे स्वतः ऐकलं, म्हणून शब्द बरोबर असल्याची खात्री आहे. आत्या, त्यांनी कागद कपाटातून न विचारता उचलले असतील, तर ते आमच्या घरातून आले हे ते इतक्या सहज कसं म्हणतील? ज्यानं चोरलं तो मालकाला असं तोंडावर सांगेल का?

रात्री बाबांना विचारलं. ते ओबोची फुंकायची वेताची पत्ती पाण्यात भिजवत होते. म्हणाले, "पत्ती भिजू दे, मग बोलू."

पत्ती भिजली, फुगली, वाजवण्याच्या कामाची राहिली नाही. मी म्हटलं, "बाबा, भिजली."

"उद्या दुसरी करीन," म्हणाले आणि अंगावर पांघरूण घेतलं.

तू 'का ते विचारू नकोस' असं लिहिलंस. मी विचारते आहे. मला अर्धवट माहितीवर कुणावर रागावायचं नाही.

तुझी
अपोलेना


व्हिएन्ना, ८ नोव्हेंबर

अपोलेना,

मातेयचं वाचलं आणि माझाच कान पकडला. एका हॉर्नवाल्याची विधवा असून मला हे सुचू नये. तो उपाय फाडून टाक.

आता दुसरं. शिमोनजवळ घेतलेली शपथ मी मोडते आहे. मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर. मेणबत्ती लावीन एखादी.

जूनमध्ये तुझे सरकार इथे आले तेव्हा शिमोन त्यांच्या लवाजम्यात होता. तुला त्यानं सांगितलं असेल, आत्या भेटली, बरी आहे. एवढंच सांगितलं असणार. तो माझ्या स्वयंपाकघरात बसला आणि पाव सुपात बुडवून बुडवून, बाजूच्या दाढेनं खाऊ लागला. मी म्हटलं, "तोंड उघड." उघडलं. तुझं नाव दातांच्या संतिणीवरून ठेवलं आपण, आणि बापाच्या तोंडात हे खिंडार.

मग बोलला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका तालमीत ते मेण निघून ओबोत अडकलं. श्टाउडाखरनं पाहिलं. बाकी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि तुझ्या बापाला म्हणाला की दातांचं मी सरकारांना सांगत नाही, पण ते नाटक माझ्या नावावर होऊ दे. कपाटबिपाट काही नाही, पोरी. शिमोननं कागद स्वतःच्या हातानं नेऊन दिले.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण तू पत्र मोठ्यानं वाचतेस. एवढं सांगते की मी म्हटलं, "स्वतःचे दात झाकायला पोरीचं काम दिलंस?"

तो म्हणाला, "डोरोता, तिचं नाव तसंही कोणी लिहिणार नव्हतं. माझं लिहिलं असतं तर तेही खोटंच होतं. मग खोटं ज्याच्याकडून घर टिकतं त्याच्या नावानं होऊ दे."

 जूनपासून मी त्याच्या या बोलण्यावर चिडलेली आहे. भाऊ म्हणून त्याची कीव येते आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यात पळी घालावीशी वाटते. सहा महिने घाबरून जगणाऱ्या माणसाला किती मारायचं हे तू ठरव. पण श्टाउडाखरला मात्र यातून एक घोटही माफी देऊ नकोस. बापाची भीती पाहून पोरीचं काम मागणारा माणूस चोरापेक्षा वाईट असतो. चोर निदान अंधारात येतो.

तुझी आत्या


होर्लेत्स, १७ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं नाही.  पहिल्या दिवशी सगळा राग बाबांवर होता. दुसऱ्या दिवशी तुझ्यावर, जूनपासून गप्प राहिलीस म्हणून. तो आता गेला, पण होता हे सांगितल्याशिवाय मला चैन पडलं नसतं.

'चोरलं' हा शब्द खोडला ते बरोबरच केलं. जे झालं ते त्याहून हिशेबी होतं.

मग शुक्रवारी भट्टीतली मार्गेता जिन्यावर भेटली. हातात चुन्याची बादली. म्हणाली, "तुमच्या सामानाला चुना लागू नये म्हणून आधी विचारते, तुम्ही कधी हलताय?"

मी विचारलं, "कुठे हलतोय?"

ती गोंधळली. "प्रागहून नवा ओबोवाला येतोय ना. सणाच्या दिवशी. कारभाऱ्यांनी त्याच्यासाठी खोली पांढरी करायला सांगितली. तुला माहीत नव्हतं?"

आत्या, श्टाउडाखर साहेबांनी वचन मोडलं नाही असं ते म्हणू शकतील. त्यांनी सरकारांना काही सांगितलं नाही. कारभाऱ्यांना सांगितलं असणार. दुसरा अंक हातात येईपर्यंत बाबांना कळू द्यायचं नव्हतं, एवढंच. सणाला माझं संगीत वाजायचं, बाबांच्या जागी दुसऱ्यानं उभं राहायचं, आणि आम्ही भट्टीच्या दाराशी गाठोडी घेऊन ते ऐकायचं. ज्या उंच जागा मी बाबांच्या तोंडासाठी क्लॅरिनेटला दिल्या, त्याही ते आता 'सुधारून' ओबोला परत देतील, कारण नव्या माणसाला दात आहेत.

मी वर गेले आणि बाबांना सांगितलं. ते खिडकीशी बसले होते.  मग म्हणाले, "मी त्याला ओबोइतकं ओळखत नव्हतो."

मी म्हटलं, "मला का नाही विचारलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"आणि मग मला घर जाताना पाहावं लागलं असतं."

"आता काय पाहताय?"

हे मी वडिलांना बोलायला नको होतं, पण बोलले आणि परत घेतलं नाही. त्यांना राग आला नाही. आला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसरा अंक पूर्ण झाला आहे. तो श्टाउडाखर साहेबांना देणार नाही. सरकार चॅपलच्या पायऱ्यांवर रयतेचे अर्ज घेतात. तिथे भट्टीवरच्या मुलीलाही बोलता येतं. मी दोन्ही अंक घेऊन जाईन आणि एकच मागेन. सरकारांनी श्टाउडाखर साहेबांना विचारावं की चौथ्या गाण्यात दुसरा क्लॅरिनेट का नाही. दुःख, नवी पद्धत, ते काय सांगायचं ते सांगोत. मग मला विचारावं. नंतर हॉर्नच्या प्रत्येक विश्रांतीचं, बसूनच्या प्रत्येक श्वासाचं विचारावं. मी प्रत्येक जागेला माणसाचं नाव सांगेन.

पण ओबोच्या जागांना बाबांचं नाव सांगावं लागेल, आणि दातांचंही. याचीच मला भीती होती. ज्या गोष्टीसाठी हे सगळं लपवलं तीच मी सरकारांसमोर उघडी करायची. खरं सांगून घर गेलं तर ते माझ्यामुळे गेलं, असं मला आयुष्यभर वाटत राहील. गप्प बसले तर ते सणाला जातंच आहे. हे मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं.

ते म्हणाले, "दातांचं मी सांगेन. तुझ्या तोंडून नको. मेण काढून येईन."

"सरकार हसतील, बाबा."

"हसू देत. बावीस वर्षं त्यांना जेवताना पाहिलं, एकदा त्यांनी मला पाहू दे."

प्रोकोप येणार आहे. म्हणतो, "साक्षीला हंस तर आणता येत नाही, मग मीच येतो." मातेयला मी येऊ नकोस सांगितलं. तो म्हणाला, "तू माझ्यासाठी खोटे स्वर लिहिले नाहीस, हे आम्हाला प्रोकोपनं सांगितलं. दोन्ही हॉर्न येतील." बाकीच्यांचं माहीत नाही आणि कोणाला गळ घालणार नाही, त्यांचीही घरं या गढीतच आहेत.

काय मागायचं ते मी कमी केलेलं नाही. बाबा ताफ्यात राहावेत, नव्या माणसाला पत्त्या करायला आणि फुंकायला शिकवणारे म्हणून. खोली राहावी. आणि नावाच्या जागी या वेळी बाबांचंही नाव नको. तेही खोटंच होतं, हे त्यांनी तुझ्या स्वयंपाकघरात बरोबर सांगितलं. दोन्ही अंकांच्या पहिल्या पानावर मी 'अपोलेना कोटालोवा' असं लिहून ठेवलं आहे. लिहिताना शाईचा डाग पडला, म्हणून ते पान पुन्हा केलं.

लेओपोल्डला कारण सांग. त्याला डुलकी लागली नव्हती, हे लोकांना कळलं पाहिजे.

सरकार अर्ज घेतात ते सोमवारी, सकाळच्या प्रार्थनेनंतर. आज सोमवारच होता, पण मला दुसऱ्या अंकातलं शेवटचं गाणं एकदा तपासायचं होतं, आणि चूक घेऊन मी त्यांच्यासमोर जाणार नाही. ते आता तपासून झालं. सणाच्या आदल्या दिवशी, सोमवारी, २४ नोव्हेंबरला मी जाते आहे.

तुझी
अपोलेना